धायटीचे फूल आणि डोंगराचा हिस्सा

तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशा हे क्षेत्र ‘दक्षिण काशी’ म्हणून सर्व खानदेशाला परिचित आहे. १९५५ साली पुरातत्त्व खात्याच्या वतीने बी. के. थापर यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाण युगातील वसाहतीचे अवशेष हाती लागले आणि या गावाची वस्ती इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकापर्यंत मागे जाते हे सिद्ध झाले. नदीकाठची काळी जमीन आणि तिच्या पाठीशी उभा असलेला सातपुडा यांची देवघेव तितकीच जुनी असली पाहिजे. आजही शहादा, तळोदा आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणांकडे जाणारे रस्ते प्रकाशाशी एकत्र येतात. सपाटीवरचा ऊस, केळी, पपई आणि कापूस या रस्त्यांनी जातो. त्याच्या भावाची चर्चा होते, त्याच्यासाठी मोर्चे निघतात, विधिमंडळात प्रश्न विचारले जातात. परंतु डोंगरातून उतरणाऱ्या काही गोण्या अशा असतात की, त्यांत काय आहे हे विचारण्याचे कारण कुणाला पडत नाही. होळीच्या आगेमागे खाली येणाऱ्या अशा गोण्यांत धायटीची सुकलेली फुले असतात.

धायटी हे सातपुड्याच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरचे झुडूप. संस्कृत ग्रंथांत तिला ‘धातकी’ म्हटले आहे. मेंदी आणि डाळिंब ज्या कुलातील, त्याच कुलातील ही वनस्पती. उंची पुरुषभर किंवा त्याहून थोडी अधिक. लांब, वाकलेल्या फांद्या. पानांच्या खालच्या बाजूस बारीक काळसर ठिपके. माघ-फाल्गुनात सारा डोंगर करडा पडलेला असताना तिच्या फांद्यांवर नळीच्या आकाराची तांबडी फुले दाटीने येतात. शिंजीर पक्षी आणि मधमाश्या त्यांच्याभोवती घोटाळत असतात. माती नावालाच उरलेल्या कातळाच्या फटीत ती रुजते. वणवा लागून गेला तरी बुंध्यातून पुन्हा फुटते. कुणी तिला पाणी घालीत नाही, खत देत नाही, कुंपण घालीत नाही. अशा या झुडपाचे फूल भारतीय औषधनिर्मितीच्या एका मोठ्या शाखेस अत्यावश्यक आहे. आणि ते फूल वेचणाऱ्याचा त्या उद्योगात वाटा किती, हा प्रश्न कायद्यातील एका अलीकडच्या बदलामुळे नव्याने उभा राहिला आहे.

फुलावाचून आसव नाही

आयुर्वेदातील आसवे आणि अरिष्टे ही मध्यमवर्गीय घरांतील नित्य परिचयाची औषधे आहेत. बाळंतिणीला दशमूलारिष्ट, लहान मुलाला अरविंदासव, अशक्तपणावर द्राक्षासव, स्त्रियांच्या विकारांवर अशोकारिष्ट. फडताळात यांपैकी एखादी बाटली नाही असे घर विरळा. ही औषधे आंबवून तयार होतात. वनस्पतींच्या काढ्यात किंवा रसात गूळ, साखर अथवा मध घालून ते मिश्रण काही आठवडे बंद भांड्यात ठेवतात. त्यात आपोआप तयार होणारा अल्प मद्यार्क औषधी द्रव्ये शोषून घेतो आणि ती टिकवून धरतो. या क्रियेस आयुर्वेदात ‘संधान’ अशी संज्ञा आहे, आणि संधान सुरू करून देण्याचे काम परंपरेने धायटीच्या फुलांकडे आलेले आहे.

फुलांतील मधुरसाबरोबर रानटी किण्वे भांड्यात उतरतात व गोडव्याचे रूपांतर करू लागतात, असे आधुनिक परीक्षणातून दिसून आले आहे. फुलांमधील तुरट द्रव्य मिश्रणाचा कस राखण्यास साह्य करते. चरकसंहितेने संधानीय द्रव्यांच्या गणात धातकीचा समावेश केला. सुश्रुताने अंबष्ठादि गणात तिला स्थान दिले. आणि भारत सरकारने प्रसिद्ध केलेल्या आयुर्वेदीय औषधिकोशाच्या पहिल्याच खंडात तिच्या फुलाची शुद्धतेची प्रमाणे नमूद झाली. दोन सहस्र वर्षांच्या अवधीत वैद्याचे खल गेले, यंत्रे आली, मातीची भांडी जाऊन पोलादी टाक्या आल्या. परंतु पाठांतील धातकी मात्र जागची हललेली नाही.

औषधी वनस्पतींच्या व्यापाराचा एकंदर आवाका लक्षात घेतल्यास या फुलाची जागा अधिक स्पष्ट होते. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळासाठी झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ११७८ वनस्पती व्यापारात असल्याचे आढळले. त्यांपैकी २४२ वनस्पतींचा वार्षिक खप प्रत्येकी १०० टनांहून अधिक होता, आणि या २४२ पैकी सुमारे पाऊणशे टक्के वनस्पती मुख्यतः रानातून गोळा केल्या जात होत्या. म्हणजे ज्या उद्योगाच्या जाहिराती शहराच्या चौकाचौकांत झळकतात, त्याचा पाया शेतात नसून रानात आहे. शेतमालाला शेतकरी असतो, सातबारा असतो, हंगाम वाया गेला तर पंचनामा असतो. रानातील मालाला यांपैकी काहीच नसते.

काटकपणाची शिक्षा

धायटीसारख्या झुडपाविषयी दोन समज रूढ आहेत. पहिला असा की, ते फुकट उगवते, म्हणून त्याचे मोल अल्प. दुसरा असा की, ते मरत नाही, म्हणून त्याची चिंता नको. दोन्ही समज तपासून पाहण्याजोगे आहेत.

फूल फुकट उगवत असेल. गोण्यात ते फुकट भरले जात नाही. धायटीचा बहर येतो तेव्हा नंदुरबार जिल्ह्यातील हजारो आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत किंवा अन्यत्र गेलेली असतात. पाड्यावर राहिलेली माणसे म्हणजे बहुधा म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या बाया आणि मुले. चढणीवर जाऊन एकेका फांदीवरून फुले ओरबाडावयाची, टोपलीत भरून आणावयाची, अंगणात पसरून वाळवावयाची. फूल वजनाला मुळातच हलके. वाळल्यावर आणखी हलके होते. अवकाळी पावसाचा एक शिडकावा झाला तर बुरशी धरते आणि व्यापारी नाक मुरडतो. दिवसभराच्या कष्टाचे अखेरीस जे वजन काट्यावर उतरते, त्यास भाव मिळतो. त्या भावात चढणीचा हिशेब नसतो.

दुसरा समज अधिक फसवा आहे. काटक झुडपे संपत नाहीत हे खरे नव्हे. गुग्गुळाचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. कच्छ आणि राजस्थानच्या उजाड, खडकाळ भूमीत तग धरून राहिलेल्या या झुडपाला खोल चिरा देऊन डिंक काढण्याचा सपाटा चालला. झुडपे वाळून गेली. आणि आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने २०१५ मध्ये केलेल्या मूल्यमापनात गुग्गुळाची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली. शतकानुशतके अवर्षण सोसणारे झुडूप मागणीच्या काही दशकांत हतबल झाले.

धायटीची स्थिती आज तशी नाही आणि तशी आहे असे सांगणे अतिशयोक्तीचे होईल. फूल काढल्याने झुडूप मरत नाही. किंबहुना जेथे साग, अंजन यांसारखे मोठे वृक्ष तुटले, चराई वाढली आणि वणवे लागत राहिले, तेथेच धायटी पसरलेली आढळते. तिचे राज्य हे पुष्कळदा मूळ अरण्याच्या ऱ्हासाचे लक्षण असते. तथापि फुले काढण्याऐवजी फांद्याच तोडण्याची घाई सुरू झाली आणि झुडपावर एकही फूल शिल्लक राहिले नाही, तर बी धरणार कोठून? जुने झुडूप बुंध्यातून फुटत राहील, नवे मात्र येणार नाही. ऱ्हास एका पिढीला दिसणार नाही, पुढच्या पिढीला दिसेल.

प्रकाशासारख्या नदीकाठच्या गावाचा याच्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. गोमाई सातपुड्यातून येते. पावसाळ्यात त्या उतारांवरून जे पाणी सुटते, ते माती घेऊनच तापीत उतरते. तापीवर प्रकाशा आणि सारंगखेडा येथे बंधारे बांधलेले आहेत. उतार जितके उघडे, तितका गाळ अधिक. कातळाच्या फटीत मूठभर माती धरून बसलेले झुडूप हे खालच्या बागायतीचेही राखणदार असते. डोंगर आणि सपाटी यांचे हित वेगवेगळे मानण्याची सवय या जिल्ह्याला महाग पडली आहे. १९७० नंतरच्या दशकात शहादे परिसरात जमीन आणि मजुरी यांवरून जो संघर्ष पेटला, ज्यातून अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखे नेतृत्व पुढे आले, त्याच्या मुळाशी हाच दुरावा होता.

ग्रंथ मुक्त, मग फूल कुणाचे?

वेचणाऱ्याच्या हिश्शाचा प्रश्न कायद्याने प्रथम हाती घेतला तो २००२ च्या जैविक विविधता अधिनियमात. जैविक संपत्तीचा व्यापारी उपयोग करणाऱ्याने तिचे जतन करणाऱ्या लोकांना लाभाचा न्याय्य वाटा द्यावा, हे त्या कायद्याचे प्रमुख तत्त्व होते. १९९२ च्या आंतरराष्ट्रीय करारातून ते आले. हा वाटा परदेशी कंपन्यांनीच द्यावयाचा, देशी उद्योगास तो लागू नाही, असा युक्तिवाद बरीच वर्षे चालला. उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या प्रकरणात २१ डिसेंबर २०१८ रोजी दिलेल्या निर्णयाने तो अमान्य केला. स्थानिक समाज हा जैविक संपत्तीचा केवळ पुरवठादार नसून हक्कदार आहे, अशी त्या निर्णयाची दिशा होती.

पुढे २०२३ मध्ये संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली आणि ती १ एप्रिल २०२४ पासून अंमलात आली. दुरुस्तीमागील हेतू म्हणून सरकारने सांगितलेल्या गोष्टी सर्वस्वी गैर नव्हत्या. गावोगावचे वैद्य, हकीम यांच्यामागे कागदपत्रांचा ससेमिरा नको. औषधी वनस्पतींच्या लागवडीस उत्तेजन मिळावे. उद्योगाला कारावासाचे भय नको, दंड पुरे. यांतील पहिल्या दोन गोष्टींना विचारी माणूस विरोध करणार नाही. परंतु त्यांच्याबरोबर आणखी एक सवलत आली. ‘संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान’, म्हणजे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाच्या पहिल्या परिशिष्टात ज्या ग्रंथांची नावे आहेत त्यांतून आलेले ज्ञान, हे लाभवाटपाच्या बंधनातून वगळण्यात आले.

धायटीचा प्रश्न नेमका येथे अडतो. आसवांचे पाठ त्या ग्रंथांत आहेत. अतएव त्या पाठांनुसार औषध बनविणारा कारखाना सवलतीचा लाभ मागणार, हे उघड आहे. कायद्याच्या शब्दांचे दोन अर्थ संभवतात. ग्रंथातील ज्ञान मुक्त आहे, इतकाच अर्थ घेतला तर रानातून येणाऱ्या फुलावरील बंधन कायम राहते. ग्रंथातील ज्ञानाबरोबर त्यात उल्लेखिलेली द्रव्येही मुक्त झाली, असा अर्थ घेतला तर आयुर्वेदीय उद्योगाचा बहुतांश कच्चा माल लाभवाटपाच्या बाहेर जातो आणि मूळ कायद्याचे तत्त्व पोकळ होते.

यातील पहिला अर्थच न्यायाला धरून आहे. चरकाने सांगितलेले ज्ञान साऱ्या देशाचा वारसा आहे. त्यावर कुणी शुल्क मागू नये. परंतु ग्रंथाने फूल निर्माण होत नाही. पोथीतील धातकी आणि धडगावच्या चढणीवरील धायटी यांत जे अंतर आहे, ते कुणाच्या तरी पायांनी तुटते. ज्ञान लिहून ठेवले गेले म्हणून ते वापरणाऱ्यास सवलत मिळावी आणि ज्यांनी ते कधी लिहिले नाही, केवळ झुडूप राखले आणि फूल ओळखले, त्यांचा हिस्सा त्या सवलतीपायी जावा, हा लेखनवंतांचा निरक्षरांवरील विजय ठरेल.

केरळातील काणी जमातीचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. आरोग्यपच्चा या वनस्पतीचे गुण त्या जमातीने वनस्पतिशास्त्रज्ञांना दाखविले. तिरुवनंतपुरमच्या उष्णकटिबंधीय वनस्पतिउद्यान संस्थेने त्यावरून ‘जीवनी’ हे औषध सिद्ध केले, १९९५ मध्ये ते कोइमतूरच्या एका औषधनिर्मात्याला दहा लाख रुपये परवाना शुल्क आणि दोन टक्के स्वामित्वधन या अटीवर दिले, आणि त्यातील निम्मा भाग काणींसाठी राखून ठेवला. तेथे ज्ञान मौखिक होते, म्हणून हिस्सा मिळाला. सातपुड्यातील माणसाचा दोष इतकाच की, त्याच्या फुलाचे नाव फार पूर्वीच पोथीत चढले. अर्थात काणींचीही सारी कहाणी सुखान्त नाही. वनस्पतीला मागणी आल्यावर ती वनातून गोळा करण्याच्या प्रश्नावर वनखात्याच्या अडचणी उभ्या राहिल्या. कागदावरचा हिस्सा आणि वनावरचा हक्क यांची सांगड नसेल तर काय होते, हे त्यावरून समजते.

भाव कोण ठरवितो?

तथापि केवळ लाभवाटपावर सारी भिस्त ठेवणे भाबडेपणाचे होईल. साधा हिशेब मांडून पाहावा. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने गौण वनोपजाच्या किमान आधारभूत किमतींत सुधारणा केली. त्या वेळी धायटीच्या सुक्या फुलांची किंमत किलोस ३२ रुपयांवरून ३७ रुपये झाली. मोहाच्या सुक्या फुलांची १७ वरून ३० रुपये झाली. लाभवाटपाच्या २०१४ च्या विनियमांत उत्पादकाने खरेदी किमतीच्या तीन ते पाच टक्के रक्कम द्यावी, असा एक पर्याय होता. ३७ रुपयांवर पाच टक्के म्हणजे एक रुपया पंच्याऐंशी पैसे. तोही मंडळे आणि समित्या यांच्या वाटेने गावापर्यंत यावयाचा. ज्या तत्त्वासाठी न्यायालयात झगडावे लागते, त्याचा किलोमागे अर्थ इतकाच. तत्त्व मोलाचे आहे. पोट भरावयाचे तर मूळ भावच वाढला पाहिजे.

आधारभूत किंमत जाहीर होणे आणि ती हाती पडणे यांतही अंतर असते. सरकारी खरेदीची यंत्रणा महाराष्ट्रास नवी नाही. आदिवासी विकास महामंडळ १९७२ मध्ये स्थापन झाले. १९७६ च्या कायद्याने आदिवासी भागात एकाधिकार खरेदीची तरतूद झाली. हेतू सावकार आणि व्यापारी यांच्या पकडीतून आदिवासीला सोडविण्याचा होता आणि तो स्तुत्य होता. परंतु ज्या मालाची केंद्रावर मोठी उलाढाल होते, तोच यंत्रणेच्या नजरेत भरतो. भात, नागली, मोह यांच्यासाठी काटा लागतो. थोड्या दिवसांच्या, हलक्या वजनाच्या फुलासाठी लागेलच याची शाश्वती नसते.

अशा वेळी व्यापाऱ्यास दोष देणे सोपे असते. पण तो पाड्यापर्यंत जातो, अडीअडचणीला उचल देतो, ओला-सुका माल जागीच घेतो, रोख पैसे मोजतो. यंत्रणा हंगाम संपल्यावर येते. व्यापारी हंगामापूर्वी येतो. त्याचा नफा पुष्कळदा या तत्परतेचा मोबदला असतो. अडचण अशी की, समोर दुसरा ग्राहक नसल्यामुळे त्या मोबदल्याला सीमा राहत नाही. उचल घेतलेल्या बाईला भावाची घासाघीस करता येत नाही. कारखान्याचा भाव काय, हे तिला ठाऊक नसते आणि तिचा भाव काय, हे कारखान्याला ठाऊक करून घ्यावयाचे नसते.

इतिहासाचा एक दाखला येथे ध्यानात ठेवण्याजोगा आहे. धायटीच्या फुलांचा उपयोग एके काळी कापड आणि कातडी रंगविण्याकडेही होत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रासायनिक रंग आले आणि वनस्पतिजन्य रंगांचा बाजार बसला. ज्यांनी फुले वेचली त्यांना बाजार का चढला हे कळले नव्हते. तो का बसला, हेही कळले नाही. मागणीच्या दोन्ही टोकांवर ज्याचा काडीचा अधिकार नाही, त्याच्या वाट्याला बाजाराची केवळ झळ येते.

हक्क आहेत, हात हवेत

मग उपाय काय? सुदैवाने त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी दिली. महाराष्ट्राने १९९७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि पेसाचे नियम २०१४ मध्ये लागू केले. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची व्याख्या करताना औषधी वनस्पतींचा स्पष्ट उल्लेख केला आणि ते गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क वननिवासींना दिला. सप्टेंबर २०१२ च्या सुधारित नियमांनी वाहतुकीचा पास देण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडे सोपविले आणि या मालावर स्वामित्वशुल्क आकारू नये असेही ठरविले. नंदुरबार जिल्ह्यातील अनेक गावांचे सामूहिक वनहक्क मान्य झालेले आहेत. याचा अर्थ असा की, त्या गावांच्या हद्दीतील धायटीचे फूल कायद्याने ग्रामसभेच्या मालकीचे आहे. कागदावर हे आजच घडलेले आहे.

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने हाच कागद हाती घेऊन काय होऊ शकते ते दाखविले. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. २०११ मध्ये त्याने स्वतःचा वाहतूक पास वापरून बांबू विकला. बांबूची किंमत मोठी, म्हणून ती गोष्ट गाजली. धायटीची किंमत अल्प, म्हणून तिच्यासाठी एकट्या गावाने उठणे व्यवहार्य नाही. पाच-दहा ग्रामसभांनी एकत्र यावयास हवे. एकत्र माल, एकत्र वाळवण, एकत्र साठवण आणि एकच पास, असे झाले तर कारखान्याचा माणूस पायथ्याशी येईल. प्रकाशासारखे तिठ्यावरचे गाव अशा मालाच्या गोदामास सोयीचे आहे. फुले कोरडी राहतील असे छप्पर, वजनाचा विश्वासू काटा, दरांचा फलक आणि हंगामापुरती खेळत्या भांडवलाची सोय, इतकी ही गरज माफक आहे. पेसा क्षेत्रातील ग्रामसभांना आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट देण्याची व्यवस्था राज्याने २०१५ पासून केलेली आहे. तो रस्त्याच्या डांबरातच जिरावा असा नियम नाही.

हक्काबरोबर जबाबदारीही ग्रामसभेकडे आली आहे, हे विसरून चालणार नाही. वनहक्क कायदा वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार ज्या कलमात देतो, त्याच कलमात ते कर्तव्य गर्भित आहे. फांदी तोडू नये, झुडपावरची काही फुले बीजासाठी राखावीत, फुले वेचणे सोपे व्हावे म्हणून गवत पेटवू नये, ठराविक उतार आलटून पालटून विसाव्याला ठेवावेत, असे साधे नियम गावानेच करावयाचे आहेत. ते बाहेरून लादले गेले तर रखवालदार आणि चोर असा जुनाच खेळ पुन्हा सुरू होईल.

जैवविविधतेची लोकनोंदवही या कामी उपयोगी पडू शकली असती. प्रत्येक स्थानिक संस्थेने आपल्या परिसरातील वनस्पती, प्राणी आणि त्यांविषयीचे ज्ञान नोंदवावे, ही कल्पना सुंदर होती. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिल्यावर देशभर या नोंदवह्या घाईघाईने पुऱ्या करण्यात आल्या. घाईत केलेली नोंद ही नोंद असते, ज्ञान नसते. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक आणि विद्यार्थी यांना येथे खरोखरीचे काम आहे. गावच्या जाणत्या स्त्री-पुरुषांबरोबर दोन हंगाम डोंगरावर हिंडून कोणत्या उतारावर किती धायटी आहे, ती कधी फुलते, किती फुले खाली जातात, काय भावाने जातात, इतके जरी लिहून काढले तरी ग्रामसभेच्या हाती वाटाघाटीचे साधन येईल. ज्ञान लिहिलेले असल्याशिवाय कायदा ते ओळखत नसेल, तर ते लिहिण्याचे काम डोंगरातील मुलांनीच करावे.

उद्योगाकडूनही काही अपेक्षा रास्त आहेत. औषधाच्या बाटलीवर धातकीचे नाव छापलेले असते. ते फूल कोणत्या जिल्ह्यातून, कोणत्या खरेदीने आले, याची नोंद कारखान्याने ठेवावी आणि मागितल्यास दाखवावी. एका बाटलीत जाणाऱ्या फुलांचे मोल नगण्य असते. वेचणाऱ्याला किलोमागे दहा रुपये अधिक दिल्याने औषध महाग होणार नाही. उलट शुद्ध, नीट वाळविलेले आणि भेसळ नसलेले फूल खात्रीने मिळू लागेल. आणि जैविक विविधता कायद्याच्या शब्दांचा अर्थ काय, हे सरकारने निःसंदिग्ध शब्दांत सांगून टाकावे. ग्रंथोक्त ज्ञानाला मुक्ती आणि रानातील द्रव्याला हिस्सा, अशी रेषा आखणे अवघड नाही. ती न आखल्यास प्रत्येक प्रकरण न्यायालयात जाईल, आणि न्यायालयाच्या पायऱ्या सातपुड्याच्या चढणीपेक्षा आदिवासीला अधिक कठीण असतात.

येत्या फाल्गुनात धायटी पुन्हा फुलेल. पाऊस कमी झाला तरी फुलेल, कारण तिचा स्वभावच तसा आहे. काठीच्या राजवाडी होळीला ऊसतोडीवरून परतलेली माणसे डोंगरात जमतील आणि त्याच सुमारास वाळलेल्या फुलांच्या गोण्या खाली उतरू लागतील. त्या गोण्यांवर गावाच्या ग्रामसभेचा पास असेल की उचल देणाऱ्याची खूण असेल, हे ठरविणारे कायदे झालेले आहेत. ते वापरले जातात की नाही, हे मात्र डोंगरातील ग्रामसभा, पायथ्याची गावे आणि जिल्ह्याची कचेरी या तिघांवर अवलंबून आहे. झुडूप काटक आहे म्हणून ते आजवर टिकले. ते वेचणारी माणसेही तशीच टिकून राहतील, असे गृहीत धरून स्वस्थ बसण्याचा अधिकार कुणालाही नाही.